तीस निऱ्यांची गाळणी

१९३७ च्या दसऱ्याला गुलबाईंच्या दिवाणखान्याची भिंत लाल झाली. त्या भिंतीमुळेच मी या यंत्राच्या मागे लागले.

गुलबाई या खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या मालकीण. सत्तरी ओलांडलेल्या पारशी बाई. मुंबईची हवा दम्याला सोसत नाही म्हणून इथे राहत. नजर अधू झाली होती. मी त्याच उन्हाळ्यात पुण्याहून पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि लोणावळ्याला घरी बसून होते. वडील शाळेत शिक्षक. त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं की खंडाळ्याच्या पारशीणबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायला कोणी हवंय. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस मी लोणावळ्याहून चालत जायची, दोन तास वाचायची आणि चालत परत यायची.

बंगल्यात गुलबाईंखेरीज एकच माणूस होतं, कस्तुराबाई. आंदर मावळातल्या. नवरा लवकर गेला, मूल नाही. एकोणीस वर्षांपूर्वी कामाला आल्या त्या बंगल्याच्याच होऊन गेल्या. दोघींचं दिवसातून एकदा तरी भांडण व्हायचं, बहुतेक चहावरून.

"कस्तुरा, चायमध्ये फुदिनो कुठे? हे तर गरम पाणी आहे!"

"फुदिना हाय त्यात. बाईसाहेबांच्या जिभंलाच आता चव ऱ्हायली न्हाई."

"माझी जीभ बरोबर आहे. तुझा हात म्हातारा झाला."

"व्हय, हात म्हातारा झाला. तुमी मात्र अजून सोळा वर्सांच्या."

मग दोघी हसायच्या. गुलबाईंना खोकला यायचा, आणि कस्तुराबाई पाठीवरून हात फिरवत उभ्या राहायच्या.

सप्टेंबरात गुलबाईंच्या पुतण्याने, केकीने, मुंबईहून एक पेटी पाठवली. पेटीत विलायती व्हॅक्यूम क्लीनर होता. सोबत पत्र. मी ते वाचून दाखवलं: झाडूने धूळ उडते, धुळीने दमा वाढतो, तेव्हा आजपासून घरात झाडू बंद. पत्र अगदी शास्त्रशुद्ध होतं. मी मान डोलावली.

यंत्र म्हणजे आडवं पत्र्याचं नळकांडं, खाली घसरायला लोखंडाच्या दोन पट्ट्या, पुढे लांब नळी. आत पुढच्या भागात कापडी पिशवी, मागे मोटर, आणि शेवटी हवा बाहेर टाकणारी जाळी. धूळ नळीतून आत येते, पिशवीत अडकते, हवा पुढे जाते. कस्तुराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बटण दाबून पाहिलं आणि नळीला 'सोंड' हे नाव देऊन टाकलं. सोंड असलेल्या वस्तूशी नीट वागलं पाहिजे असं त्यांचं तेव्हाच ठरलं असावं.

दसऱ्याला त्यांनी दरवर्षीप्रमाणे घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. विळी, कोयता, पाटा-वरवंटा, बागेतलं कुदळ-फावडं. शेजारी बंद झालेला झाडू, आणि त्याच्या शेजारी यंत्र. यंत्राला झेंडूची माळ. हळदकुंकू लावायची वेळ आली तेव्हा सोंडेच्या तोंडाला चिमूटभर पुरेल असं त्यांना वाटेना. त्यांनी कोयरीतलं बरंचसं कुंकू सोंडेत ओतलं, नमस्कार केला आणि देव प्रसन्न झाला की नाही ते बघायला बटण दाबलं.

मागच्या जाळीतून लाल ढग निघाला. पांढऱ्या भिंतीवर, पांढऱ्या पडद्यावर, आणि पडद्याशेजारच्या आरामखुर्चीत बसलेल्या गुलबाईंच्या अंगावर.

गुलबाई चार दिवस अंथरुणावर होत्या. केकी सुट्टीला म्हणून त्याच दुपारी आला होता. तो वाईट माणूस नव्हता. आवाजही चढवला नाही. काकीचं डोकं मांडीवर घेऊन तो दोन रात्री बसला, आणि निघताना व्हरांड्यात कस्तुराबाईंना म्हणाला, "तुझी चूक नाही, कस्तुराबाई. पण यंत्र समजणारा माणूस पाहिजे इथे. एक जानेवारीपासून मी मुंबईहून माणूस पाठवतो. तू आता गावी जा, आराम कर."

"बरं," कस्तुराबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या भिंत पुसायला लागल्या. मी शेजारी उभी होते.

"गावी कोण आहे, मावशी?"

"दीर हाय. जाऊ हाय. त्यांची सात पोरं हायती." त्यांनी फडकं पिळलं. "आराम करा म्हनं. आराम कसा करत्यात, ताई? मला त्यो येत न्हाई."

आतून गुलबाईंचा श्वास ऐकू येत होता, शिट्टी वाजावी तसा. कस्तुराबाईंनी फडकं टाकलं आणि आत गेल्या.

मी भिंतीकडे बघत राहिले. डाग गोल होता, अडीच फूट रुंद, मधे गडद आणि कडेला फिकट. बघता बघता मला जे सुचलं ते खरं तर महिन्यापूर्वी सुचायला हवं होतं. कुंकू पिशवीतून आरपार गेलं याचा अर्थ तेवढी किंवा त्याहून बारीक धूळही रोज आरपार जात होती. घाटातली तांबडी माती सुकली की कुंकवापेक्षा जाड नसते. झाडूने ती जमिनीलगत उडायची आणि खाली बसायची. यंत्र ती उचलत होतं, चाळत होतं आणि त्यातली सगळ्यात बारीक तेवढी गुलबाईंच्या खुर्चीच्या उंचीवर फवारत होतं. महिनाभर. कुंकू लाल होतं म्हणून दिसलं, एवढंच.

"मावशी," मी आत जाऊन म्हटलं, "ती भिंत पुसू नका."

केकीला मी हे सविस्तर लिहिलं, आकृतीसह. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. नाताळात येतो, तेव्हा दाखवा. माणूस मात्र ठरला आहे.

माझ्या हातात दोन महिने होते.

पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. पुण्याच्या प्रयोगशाळेत असतं तसलं इथे काही नव्हतं. पण कुंकू होतं. रोज चहाचा अर्धा चमचा कुंकू सोंडेत घालायचं, मागच्या जाळीपासून सहा इंचांवर पांढरा कागद धरायचा, यंत्र एक मिनिट चालवायचं आणि कागदावर तारीख घालायची. गुलबाई तेवढा वेळ व्हरांड्यात. ओढ मोजायला कस्तुराबाईंनीच युक्ती सांगितली: आंबेमोहोराचा एक दाणा फरशीवर ठेवायचा आणि सोंड किती लांब असताना तो हलतो ते पट्टीने बघायचं. मूळच्या पिशवीने दाणा पावणेदोन इंचांवरून हलायचा आणि कागद रक्तासारखा लाल व्हायचा.

मग कापडं. खादी, मांजरपाट, फ्लॅनेल, माझ्या वडिलांचा जुना कोट. खादीतून कुंकू गेलं. मांजरपाटातून गेलं. कोटातून कमी गेलं, पण दाणा हलेचना, हवाच अडली.

"तुमी समदं कोरं कापड घेताय," कस्तुराबाई एक दिवस म्हणाल्या. त्या पाट्यापाशी बसून माझा उद्योग बघत होत्या. "कोऱ्यात खळ असती. सूत गुळगुळीत. त्यातनं काय गाळनार? दूध गाळताना कोरं फडकं घेता का तुमी?"

"मग?"

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि एक जुनं लुगडं घेऊन आल्या. कधीकाळी हिरवं असावं. धुऊन धुऊन त्याचा रंग गेला होता आणि अंगावर बारीक लव आली होती, बोटाला पिसासारखी लागत होती. मी भिंग लावलं. प्रत्येक सुताला शेकडो केस उभे राहिले होते, आणि दोन सुतांमधली भोकं त्यांनी भरून टाकली होती. बारा-तेरा वर्षं दगडावर आपटल्याशिवाय असं कापड तयार होत नाही.

"चार पदरी घ्या," त्या म्हणाल्या.

चार पदरी घेतलं. कागदावर फिकट गुलाबी छटा राहिली, बस्स. मी आनंदाने ओरडले. मग तांदळाचा दाणा ठेवला. दाणा ढिम्म. सोंड टेकवली तरी जागचा हलेना.

हे गणित सोपं होतं. चार पदरांतून हवेला चौपट अडथळा. तो भरून काढायचा तर कापड चौपट पसरायला हवं. पण पिशवीचा घेर साडेपंधरा इंच, नळकांडं तेवढंच, त्यात चौपट कापड कुठे मावणार? मी दोन दिवस कागदावर पिशवीत पिशव्या काढत बसले.

"लय अवघड हाय का?"

"पाच फूट कापड सव्वा फुटाच्या घेरात बसवायचंय. आणि सगळं उघडं राहायला हवं, चुरगळलेलं नको."

कस्तुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कमरेकडे पाहिलं. "आन् ह्या निऱ्या कशा बसवल्या सकाळी?"

मी खाली बघितलं. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत मी रोज सकाळी निऱ्या काढून परीक्षेला, प्रयोगशाळेला गेले होते. नऊ वार कापड वीतभर जागेत कसं मावतं हा प्रश्न मला कोणत्याही पेपरात आला नव्हता.

त्या हसत सुटल्या. "एवढं शिकून! अगं बया! बाईसाहेब, ऐकलं का, आमची ताई निऱ्या इसरली!"

"सगळं शिकलेलं लोक असंच असतं," गुलबाई व्हरांड्यातून म्हणाल्या. "माझा नवरा बॅरिस्टर होता. त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती."

तीस निऱ्या. प्रत्येक निरी एक इंच खोल, म्हणजे दोन इंच कापडाची. तीस दुणे साठ इंच, पाच फूट. निऱ्या मिटू नयेत म्हणून प्रत्येकीच्या आत मोडक्या छत्रीची एक काडी. लोणावळ्यात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. काड्यांचं गोल कडं करून मी निऱ्या घरच्या शिवणयंत्रावर पक्क्या शिवून आणल्या. दाणा दीड इंचावरून हलला. कागद बघितला, तर त्यावर तीस लाल रेघा, ओळीने, फणीने ओढल्यासारख्या. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून कुंकू निसटलं होतं.

"टाका घालायचाच न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "निरी हातानं बसती. टाक्यानं न्हाई."

त्यांनी लुगड्याचा दुसरा तुकडा चार पदरी केला, मांडीवर घेतला, आणि बोटांच्या तीन-चार हालचालींत निऱ्या पडत गेल्या. एकसारख्या, पट्टी लावून मोजाव्या अशा. मी मोजल्या. इंचाच्या सोळाव्या भागाइतकाही फरक नव्हता. काड्यांवर बसवून वरखाली सुती दोरीने करकचून बांधलं. कागद जवळजवळ कोरा आला. मी त्यावर तारीख घातली.

चाकांचं प्रकरण मात्र माझ्या अंगाशी आलं.

लोखंडी पट्ट्या गालिच्याच्या झालरीत अडकायच्या आणि दर उंबऱ्याला यंत्र थांबायचं. बंगल्यात सात उंबरे, प्रत्येक दोन इंच उंच. कस्तुराबाई दर वेळी अठरा पौंडांचं यंत्र उचलून पलीकडे ठेवायच्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मी हिशेब केला. चाक लहान असेल तर उंबरा चढायला यंत्राच्या वजनाहून जास्त ओढ लागते. दहा इंचांचं चाक घेतलं तर फक्त बारा पौंड. लोणावळ्याच्या मारुती सुताराकडून मी सागवानाची दहा इंची चार चाकं करवून घेतली, मोटारीच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी त्यांना ठोकली. यंत्र तोफेच्या गाड्यासारखं दिसायला लागलं. फरशीवर आवाज न करता धावू लागलं. उंबऱ्याशी आलं. मी डौलाने बाजूला झाले.

कस्तुराबाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि पलीकडे ठेवलं.

"मावशी! नुसतं ओढा ना. चढतं ते."

"उंबऱ्यावरनं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच बोलले. "पोटात समद्या घराचा केर हाय ह्याच्या. केर उंबऱ्यावरनं फरफटत न्हेत्यात व्हय? उचलून न्हेत्यात. सुपलीतनं."

"पण हा काही आपल्या घरचा उंबरा नाही. बाईसाहेब पारशी आहेत."

"उंबऱ्याला जात असती का, ताई?"

माझ्या चाकांनी एवढंच साधलं होतं की अठरा पौंडांचं यंत्र आता चोवीस पौंडांचं झालं होतं, आणि त्या ते सात वेळा उचलत होत्या. संध्याकाळी मी त्यांच्या कमरेला शेक दिला. डिसेंबरचे दहा दिवस गेले होते.

दोन दिवसांनी मी त्यांना सरळच विचारलं. "मावशी, उंबऱ्याला चाक लागू द्यायचं नाही आणि कमरेलाही लागू द्यायचं नाही. मग कसं करायचं?"

त्या भाजी निवडत होत्या. "आमच्या गावाला वढा हाय. पावसाळ्यात पान्यात पाय न घालता आमी पल्याड जातो."

"कसं?"

"साकवावरनं."

मारुती सुताराने तीन दिवसांत साकव करून दिला. दीड हात लांब, वीतभर रुंद, दोन्हीकडे उतरता, मधे उंबऱ्यापासून अर्धा इंच अधांतरी. वजनाला हलका, टोकाला दोरी. उंबऱ्यावर मांडायचा, यंत्र पलीकडे न्यायचं, दोरीने उचलून नळकांड्याच्या पाठीवर अडकवायचा. उतार असल्यावर दहा इंचांची चाकं लागतच नव्हती. चार इंचांची पुरली. मारुतीने जुनी चाकं परत मागितली, त्याच्या नातवाच्या गाड्याला.

या सगळ्यात गुलबाईंच्या श्वासाची शिट्टी कधी थांबली ते नेमकं सांगता येत नाही. त्याची नोंद मी ठेवली नव्हती. पण डिसेंबरच्या मध्यावर त्यांनी मला वाचता वाचता थांबवलं आणि अर्धं पान वाचून झालं असतं एवढा वेळ कस्तुराबाईंशी भांडण्यात घालवला, एकदाही न खोकता.

केकी चोवीस तारखेला सकाळी आला. लाल भिंतीकडे बघून म्हणाला, "अजून रंग नाही दिला?"

"पुरावा आहे," मी म्हटलं आणि त्याच्यापुढे त्रेपन्न कागद ठेवले, तारखांप्रमाणे. त्याने ते शांतपणे चाळले. शेवटचे काही उजेडात धरून पाहिले.

"कागद ठीक. माझ्या डोळ्यांसमोर दाखवा."

कस्तुराबाई कोयरी घेऊन पुढे आल्या. आवाज खणखणीत होता. "सायेब, कुंकू तुमीच घाला. आन् फडकं तुमच्याच खिशातलं धरा."

केकीने सोंडेत कुंकू घातलं, जरा जास्तच. खिशातला पांढरा रुमाल काढून जाळीमागे धरला. यंत्र सुरू झालं. मिनिट झालं. मग त्याने रुमाल खिडकीपाशी नेला.

रुमाल पूर्ण पांढरा नव्हता. मधोमध रुपयाएवढी जागा अगदी फिकट गुलाबी होती. माझ्या कागदांवर तेवढीही येत नव्हती, पण त्याने कुंकू जास्त घातलं होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, इतक्यात गुलबाईंनी हात पुढे केला.

"दे इकडे."

त्यांनी रुमाल नाकाशी धरला आणि खोल श्वास घेतला. केकी धावला. "काकी, नको!"

"गप बस." त्यांनी आणखी एक श्वास घेतला, सावकाश सोडला. शिट्टी नाही. "दसऱ्याला तू माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. आता बघ. मी खुर्चीत आहे."

केकी यंत्रापाशी गुडघे टेकून बसला. "उघडा बघू."

मी गाळणी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती फिरवून पाहिली, निऱ्यांवरून बोट फिरवलं. तो कापडाच्या व्यापारातला माणूस होता. "हे कुठे शिवलं?"

"शिवलेलं नाही. शिवलं तर टाक्यातून धूळ जाते. हाताने निऱ्या घालून बांधलंय. दर आठवड्याला सोडायचं, धुवायचं, वाळवायचं आणि पुन्हा निऱ्या घालायच्या. तीस. एकसारख्या. एक जरी मिटली तरी ओढ कमी होते."

"दर आठवड्याला? कोण घालणार?"

कस्तुराबाई पदराचं टोक बोटांत धरून उभ्या होत्या, आणि बोटं आपोआप त्याच्या बारीक निऱ्या घालत होती, सोडत होती, पुन्हा घालत होती. केकीचं लक्ष तिकडे गेलं.

गुलबाई हसायला लागल्या. "काय रे केकी, तुझा मुंबईवाला माणूस निऱ्या काढेल?"

केकीने गाळणी कस्तुराबाईंच्या हातात दिली, दोन्ही हातांनी. "त्याला तार करतो," तो म्हणाला. "येऊ नको म्हणून."

कस्तुराबाईंनी गाळणी नीट बसवली, झाकण लावलं, साकव पाठीवर अडकवला. मग स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. शेवटी गुलबाईच ओरडल्या, "कस्तुरा! चाय मिळणार की नाही आज?"

"आनते! दम धरा जरा!" "आन् फुदिना आधीच सांगते, घातलाय!"

जानेवारीत केकीने मुंबईहून गाळणीसाठी म्हणून आठ वार उत्तम मलमल पाठवली. मी गेले तेव्हा कस्तुराबाई मागच्या अंगणात दगडावर ती आपटत होत्या. नवं, झुळझुळीत कापड.

"मावशी, आत्ताच वापरणार?"

"ह्ये?" त्यांनी पिळून पुन्हा पाण्यात टाकलं. "कोरं हाय ह्ये. काय कामाचं. माजं लुगडं आजून धा वर्सं जाईल. तवर ह्ये रोज धुते म्हंजी लव यील. मंग लुगडं काढून ह्ये घालू."

त्यांनी मलमल पुन्हा दगडावर घेतली.